भुंकणारी की न भुंकणारा

ये बाई, अशी इकडे ये. दाराजवळ कुठे टेकली, तिथून झळा येतात. कूलरसमोर बस, अन् तो फोन आधी पालथा ठेव. मावशी बोलून राहिली अन् पोरगी काचेवर बोट घासून राहिली, हे मले चालत नाही.

आता तू म्हणशील, मावशी, मी तर नागपूरले माझ्या फ्लॅटमध्ये आहे, तुझ्या कूलरसमोर कशी बसू? तेच तर माझं भांडण आहे. सकाळी गाडीत बसलं तर दुपारच्या जेवणाले माणूस भिलाईत पोचते. पण तुले फोन सोपा. परवा विचारलं तू, "मावशी, कुत्रा घ्यायचा आहे, लॅब्रडॉर बरा की पामेरियन? तू दोन्ही ठेवून पाहिले नं?" मी लसणाचं ताट खाली ठेवलं, पदराले हात पुसले, अन् सांगायले तोंड उघडलं तर तुले दुसरा फोन आला. मले टाकलं होल्डवर. त्यातलं गाणं ऐकत बसली मी. मग गाणंही बंद झालं. असा कुत्रा निवडतात का, बाई? घरात आणायची झाडूसुद्धा मी दोनदा झटकून पाहते.

म्हणून लिहून राहिली. लिहिलेलं होल्डवर टाकता येत नाही.

तुझे मावसाजी गेले तेव्हा तू तेरवीले आली होती. तेव्हा घर भरलं होतं, सतरंज्या कमी पडल्या होत्या. मग पोरगा पुण्याले गेला, पोरगी हैदराबादले गेली, तुम्ही सगळे आपापल्या गाड्यांनी गेले, अन् मी सेक्टरातल्या या क्वार्टरात राहिली. लीजवर घेतलेलं क्वार्टर, दोन खोल्या, मागे पेरू, पुढे लोखंडी गेट. पोरगा म्हणे, चल. मी म्हटलं, पाहू. ज्या घरात लग्न होऊन आली, ज्याच्या भिंतीले दरवर्षी स्वतः चुना लावला, त्याले कुलूप लावून अकराव्या मजल्यावर जाऊन काय करू? तिथे त्यांच्या घरी सकाळी नऊले सगळे जातात अन् अंधार पडल्यावर येतात. मी गेली होती नं एकदा. दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसायची, आपल्या मजल्यावर थांबते का म्हणून.

आता तुले आमच्या ओळीची एक रीत सांगते, ते समजल्याशिवाय कुत्र्याचं समजणार नाही. ही सगळी ओळ स्टील प्लांटवाल्यांची. प्रत्येक घरात कोणी ना कोणी नाइट शिफ्टवाला. सकाळी घरी येणार, आंघोळ करणार, जेवणार, अन् पडदे ओढून झोपणार. त्याच वेळी दुनिया जागी. भाजीवाली ओरडते, वर्गणीवाले येतात, पाहुणे येतात. बेल वाजली की माणूस दचकून उठायचा, अन् एकदा उठला की झोप गेली. मग रात्री भट्टीपाशी डोळे मिटायले लागले तर? म्हणून ओळीतल्या बायांनी आपसात ठरवून टाकलं होतं. ज्या घरी माणूस झोपला असेल त्या घरच्या बाईनं त्याचा गमछा गेटवर टाकायचा. गमछा दिसला की बेल नाही, हाक नाही, काही नाही. दूधवाला कॅन हळूच पायरीवर ठेवून जायचा. नवीन माणूस गेटपाशी आला तर समोरच्या घरातून कोणीतरी हातानंच त्याले परत पाठवायचं.

तुझे मावसाजी कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर. जन्मभर शिफ्ट. त्यांचा गमछा लाल चौकड्यांचा, ओळीत सगळ्यांले माहीत. रिटायर झाले तरी त्यांची झोप काही जागेवर आली नाही. रात्री व्हरांड्यात बसून राहायचे, दुपारी गाढ. म्हणून गमछा रिटायरमेंटनंतरही गेटवर. अन् मी? मी सगळा संसार पायाच्या बोटांवर केला. कुकरच्या शिट्ट्या ते यायच्या आधी. मिक्सर संध्याकाळी. माझी दोन्ही पोरं लहानपणी खुणांनी भांडायची. हसू नको, खरं सांगते. एक दात दाखवायचा, दुसरी मूठ दाखवायची, अन् रडायचं झालं तर मागे पेरूखाली जाऊन रडायचं, रडून झालं की तोंड धुवून परत. गल्लीतलं कुत्रं भुंकलं की मी भाकरीचा तुकडा घेऊन धावायची, त्याचं तोंड बंद करायले.

ते गेल्यावरही दुपारी जेवण झालं, भांडी झाली, की माझा हात दांडीवरचा गमछा उचलायचा अन् पाय गेटकडे जायचे. फोनचा आवाजही बंद करायची, सवयीनं. संध्याकाळी गमछा आत. मी स्वतःले अडवलं नाही. अडवून करणार काय? दिवसभरात वेळेवर करायचं असं तेवढंच एक काम उरलं होतं. मग खाटेवर पडायची. पंखा फिरायचा. शेजारी रेडिओ लागला तर तो ऐकायची, अन् तो बंद झाला की आपल्याच घरातली फ्रिजची घरघर. कोणी येत नव्हतं. मले वाटे, लोक असेच असतात, दुःख जुनं झालं की घर विसरतात. रुसली होती मी सगळ्यांवर, आतल्या आत. समोरच्या अक्कावर तर जास्तच.

ही अक्का म्हणजे आमच्यासमोरची तेलुगू बाई. तिचे मिस्टर रोलिंग मिलले होते. तिची अन् माझी पोरं एकाच रिक्षानं शाळेत गेली. अंबाडीचं लोणचं ती असं घालते की नुसत्या भातासोबत माणूस दोनदा वाढून घेते. ती पण येईनाशी झाली. सकाळी झाडताना दिसायची, मान हलवायची, मी मान हलवायची. झालं.

मग एका दुपारी पोरानं फोन केला, तो मी उचलला नाही. आवाज बंद होता नं. त्यानं परत केला, परत केला, पोरीनं हैदराबादहून केला. शेवटी त्यानं अक्काले फोन लावला. अक्का त्याले म्हणाली, काही काळजी करू नको, तुझी आई ठीक आहे. माझ्या घरी न येता हिले कसं कळलं मी ठीक आहे, हे तेव्हा मी विचारलं नाही. पण पोरगा घाबरला तो घाबरलाच. संध्याकाळी त्याचा आवाज असा होता जसा त्याच्या वडिलांचा, प्लांटमध्ये काही झालं की, व्हायचा. तो म्हणाला, "आई, आता दोनच गोष्टी. एक तर घरात कुत्रा ठेव, कोणी आलं गेलं, तू पडली झडली, तर ओरडेल तरी. नाही तर दिवाळीले मी येतो, घर भाड्यानं देऊ अन् तुले घेऊन जातो. पाहू म्हणायचं नाही."

बाई, त्याचं चुकत नव्हतं. पण कुत्रं निवडायचं म्हणजे माझ्यासाठी घर वाचवायचं होतं. चुकीचं निवडलं, नाही जमलं, परत केलं, तर दिवाळीले पेटी भरा. म्हणून तुझ्यासारखं फोनवर होत नाही म्हणते मी.

पिल्लू नको, हे मी आधीच सांगितलं. या वयात कोण कोणाले वाढवणार? मोठं झालेलं, घरात राहायची सवय असलेलं पाहिजे. पोरानं लॅब्रडॉर शोधला, शेजारच्या दुर्गले, पद्मनाभपुरात. पोरीनं पामेरियन शोधली, इथल्याच कुरुदले. दोघांनी मले व्हिडिओ पाठवले. पोरगा म्हणे, आई, लॅब्रडॉरसारखा शहाणा कुत्रा नाही, आंधळ्यांले रस्ता दाखवतो. पोरगी म्हणे, आई, त्याचं अन् तुझं वजन सारखं आहे, तो तुले रस्ता दाखवेल पण फरफटत नेऊन. दोघं माझ्या फोनवर भांडली, यावेळी आवाज काढून. मले बरं वाटलं, खरं सांगू?

मी दोन्ही पाहायले गेली. ऑटो केला, आधी पद्मनाभपूर. अमरावतीकडचं कुटुंब, ते साहेब मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, मुलीकडे परदेशात चालले होते कायमचे. त्यांच्या मिसेसनं मले पोहे दिले अन् पोह्यांच्या आधी कुत्रा दाखवला. बदामी रंगाचा, केवढा थोरला. आला, माझ्या पायावर डोकं ठेवून बसला. डोळे असे की जसं काही त्यालेच तेरवीचं बोलावणं आलं होतं. त्या बाईंनी सगळं सांगितलं. दोन वेळा फिरवायले लागते, नाही फिरवला तर लठ्ठ होतो अन् कंबर धरते. खायले द्याल तेवढं खातो, पोट भरलं हे त्याले कळतच नाही. केस गळतात, सतरंजीवर, साडीवर, वरणात. आपल्याकडचा उन्हाळा त्याले सोसत नाही, कूलर पाहिजे. चोर आला तर चोराचा हात चाटेल. सांगता सांगता त्या त्याचे कान कुरवाळत होत्या. मी एकच विचारलं, "भुंकतो का हो?"

त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. आम्ही तर विसरलो त्याचा आवाज कसा आहे ते."

माझ्या मनात तिथेच ठरलं. शांत आहे. दुपारी आवाज नाही करणार. त्यापुढे मी काही ऐकलंच नाही.

तरी पोरीचं मन राखायले कुरुदले गेली. रेल्वेतलं घर, आपलीच माणसं, गोंदियाकडची. घरात नातू झालेला, पाळणा बांधलेला, अन् त्या पाळण्याखाली ती पांढरी कापसाची गाठोडी. मी गेट उघडलं नाही तोच तिनं सुरू केलं ते मी चहा पिऊन उठेपर्यंत. पाल दिसली, भुंकली. कुकर वाजला, भुंकली. मी चष्मा काढला, भुंकली. बाळ उठून रडायले लागलं तर त्याच्यासोबत हिचंही रडणं. सून डोकं धरून बसली होती, म्हणाली, काकू, हिले कोणाचं येणं-जाणं सांगितल्याशिवाय राहवत नाही. सासूनं सांगितलं, खाणं थोडं, दही-पोळी चालते, केस रोज विंचरायले लागतात नाही तर गाठी होतात, अंगणात दहा चकरा मारल्या तरी तिचं फिरणं होते. दात जपायचे. अन् अनोळखी माणसाजवळ लगेच जात नाही. बाजारातले लोक पामेरियन म्हणतात, डॉक्टर स्पिट्झ म्हणतो, काही म्हणा, आवाज तोच.

मी दुखरं डोकं घेऊन घरी आली. पोराले फोन केला, तुझा लॅब्रडॉर चांगला आहे. तो इतका खूश झाला की त्याच रात्री कुत्र्याच्या खाण्याचं मोठं पोतं मागवून टाकलं.

तो आला. त्याचं नाव इंग्रजी होतं, मले जमेना, मी त्याले साहेब म्हणायची. अन् खरंच, बाई, साहेबच. सकाळी मी त्याले घेऊन निघाली की ओळीच्या टोकापर्यंत बरा चालायचा, मग त्याले काही दिसलं, शेळी म्हण, पोळीचा तुकडा म्हण, की साहेब पुढे अन् मी मागे, चपला कुठच्या कुठे. माझा गुडघा तुले माहीत आहे. दोनदा लिंबाच्या झाडाले मिठी मारून थांबली मी. संध्याकाळी तर नेणंच सोडलं. त्याचा दोष नव्हता. त्याले धावायले पाहिजे होतं, अन् मी धावणारी राहिली कुठे?

पण फिरण्याचं सोड. मी सांगते ते दुपारचं. दुपारी जेवून तो कूलरसमोर आडवा व्हायचा, चारही पाय पसरून, अन् असा घोरायचा, असा घोरायचा की मी स्वयंपाकघरातून वाकून पाहायची. अन् बाई, मी पुन्हा बोटांवर चालायले लागली. ताट ठेवताना हात धरून ठेवायची. खोबरं वाटायचं होतं तर संध्याकाळवर टाकलं. फोन बंद. गमछा गेटवर. एका दुपारी भांड्याच्या राशीवरून चमचा घसरला अन् मी जागच्या जागी थांबली, झोप मोडली असेल म्हणून. वळून पाहिलं, तर कुत्रा. मान वर करून मले पाहिलं त्यानं, एक सुस्कारा टाकला अन् परत झोपला.

मी तिथेच ओट्याले टेकून उभी राहिली. घरात सोबत म्हणून आणलेला जीव, अन् मी त्याच्यापासूनही चोरून वावरून राहिली होती. दोन जीव एका घरात, दोघांचाही आवाज नाही. आधी एकटी होती तेव्हा निदान चमचा पडला तर पडला होता.

पद्मनाभपूरच्या बाईंचं जाणं महिनाभर पुढे गेलं होतं. मी त्यांले फोन केला, गुडघ्याचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, उलट रडल्याच, म्हणे अजून थोडे दिवस आमच्याजवळ राहील. नंतर तो पद्मनाभपुरातच त्यांच्या ओळखीतल्या एका घरी गेला, तिथे दोन शाळेतली पोरं आहेत, त्याले पळवतात. माझ्या घरून जाताना ऑटोत बसून माझ्याकडे पाहत होता. मी आत आली अन् सतरंजीवरचे बदामी केस कितीतरी वेळ वेचत बसली. झाडूनं निघाले असते.

पोराले सांगितलं तर तो म्हणाला, "ठीक आहे आई. मग दिवाळीले पाहू." ते पाहू मी त्याले शिकवलेलं, पण त्याच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होता. मी फोन ठेवला अन् पेटीवरची चादर काढून ती उघडून पाहिली. काय ठेवायचं, काय न्यायचं. तुझ्या मावसाजींच्या सेफ्टी बुटांचा जोड निघाला. बंद केली पेटी. कुरुदले फोन लावला.

माझ्या मनात भीती एकच होती, तिथल्या सासूबाईंले ती बोलूनही दाखवली. म्हटलं, ही तरुण आहे, मी नाही. माझ्यामागे हिचं काय? त्या म्हणाल्या, ताई, तेव्हा बाळ मोठं झालेलं असेल, त्याची झोप मोडायची भीती राहणार नाही, आमची आमच्याकडे परत येईल. इतकं सरळ कोणी बोलत नाही आजकाल. मी दुसऱ्याच दिवशी घेऊन आली. ऑटोत सुपेल्याच्या चौकापर्यंत ती प्रत्येक मोटरसायकलवर भुंकली. ऑटोवाला म्हणाला, माताजी, हॉर्न की जरूरत नहीं आज.

तिची सकाळ घर हुंगण्यात गेली. दुपारी मी जेवली, तिले दही-पोळी दिली, भांडी घासली. दांडीवरचा गमछा घेतला, गेटवर टाकला, आत आली. फोनचा आवाज बंद केला. अन् रस्त्यानं एक गाय गेली. गाय, बाई, नुसती गाय. ही गाठोडी उडाली ती गेटच्या सळ्यांपाशी, अन् अख्ख्या ओळीले ऐकू जाईल असं भुंकायले लागली. मी स्वयंपाकघरातून धावली, अनवाणी, ओले हात, ओठावर बोट ठेवून. म्हटलं, "चूप, चूप, अगं हळू. झोपले आहेत ते."

ती थांबली. मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं तिनं.

अन् माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं. इतकी वर्षं ते वाक्य मी बोलली, दूधवाल्याले, पोरांले, पाहुण्यांले. ते गेल्यापासून मोठ्यानं कधी बोलली नव्हती, फक्त हातांनी करत होती. पायरीवर बसली मी. ऊन होतं, पायरी भाजत होती, पण बसली. गाय अजून नजरेआड झाली नव्हती म्हणून हिनं परत सुरू केलं. मी यावेळी तिले काही म्हटलं नाही. भुंक म्हटलं मनात, भुंक.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. अक्का. आमच्या घरातून भरदुपारी आवाज येऊन राहिला, हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. लगबगीनं रस्ता ओलांडून आली, अन् गेटपाशी येऊन थांबली. हात कडीपर्यंत नेला, मागे घेतला.

"भाभी, अंदर आऊँ क्या?"

मी म्हटलं, "पूछना क्या है? गेट खोलो ना."

"गमछा है ना," ती म्हणाली.

त्या तीन शब्दांनी माझं काय झालं ते मले लिहिता येणार नाही, बाई. मी गमछ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिले रागच आला होता थोडा, की ही बाई अशी काय पाहून राहिली. मग तिनं सांगितलं, गेटच्या त्या बाजूलेच उभं राहून. अंबाडीचं लोणचं घेऊन आली होती, गमछा होता, परत गेली. उगादीचं, त्यांच्या पाडव्याचं, गोड घेऊन आली होती, परत गेली. दुपारीच तर तिले वेळ मिळते, सकाळ-संध्याकाळ नातवंडं असतात. तिले वाटलं, भाभी अजून गमछा टाकते म्हणजे भाभीले कोणी नको आहे. तिनं ओळीतल्या बाकीच्यांलेही तेच सांगितलं, कोणी त्रास देऊ नका. अन् माझ्या पोराचा फोन आला त्या दुपारी तिनं आपल्या पायरीवरून पाहिलं होतं, गमछा आहे गेटवर, म्हणजे भाभीनं जेवून, आवरून, आपल्या हातानं टाकला आहे, म्हणजे ठीक आहे. मले सांग, यात तिचं काय चुकलं? रीत आमचीच. मान ठेवला तिनं. मी इकडे तिच्यावर रुसून, ती तिकडे माझी झोप राखून.

मी उठली, गमछा काढला, खांद्यावर टाकला, अन् कडी उघडली. अक्का आत आली. गाठोडीनं तिच्या साडीचा काठ दातात धरला तो सोडेना. चहा ठेवला. कप चांगले जोरात आपटले मी ओट्यावर. अक्का नळाले पाणी यायची वेळ होईपर्यंत बसली. तिचे मिस्टर गेले तेव्हाचं तिनं सांगितलं, जे मी तिले कधी विचारलं नव्हतं. मग नळ आला अन् ती गेली.

आता तू म्हणशील, छान झालं, मावशीचं घर भरलं. तसं काही झालं नाही, तुझ्याशी खोटं कावून बोलू? ओळीतली अर्धी घरं भाड्यानं गेली आहेत, त्या नवीन पोरांले ना गमछा माहीत, ना मी. अक्काचाही गुडघा गेला, आठवड्यातून एखादी दुपार येते, कधी ती पण नाही. बाकीच्या दुपारी तशाच लांब. पण मिक्सर मी दुपारी लावते. बेल वाजते कधीमधी, वर्गणीवाल्यांची, चुकून आलेल्या कुरिअरवाल्याची. ही आधी सांगते, मग मी उठते. गमछा मागच्या दांडीवर वाळते, बाकीच्या कपड्यांसोबत. अजूनही एखाद्या दिवशी हात तिकडे जाते. मग ही पायात येते.

दिवाळीले पोरगा आला. गेट उघडलं तर ही त्याच्यावर असं काही भुंकली की तो बॅगा घेऊन रस्त्यावरच उभा. तोंड उतरलं त्याचं. "आई, ही मले ओळखतच नाही." मी म्हटलं, "ओळखायले तू येतोच कुठे?" तो हसला, पण मग जेवताना हसला नाही. अक्का मुरुकुलू, त्यांच्याकडच्या चकल्या, घेऊन आली, ती बसली, बोलली, तो पाहत होता. पुण्याचं काही त्यानं काढलं नाही. जाताना गेटचं कुलूप तेवढं नवीन लावून गेला. घर राहिलं.

आता तो दुपारी फोन करते. मी उचलायच्या आत मागे हिचं भुंकणं त्याले ऐकू जाते. म्हणते, आहे नं सगळं ठीक, आवाज येऊन राहिला, ठेवतो मग. आधी विचारायचा, जेवली का, काय केलं होतं. आता भुंकण्यावर भागते त्याचं. मी हिले कधी कधी म्हणते, बाई, थोडी गप्प राहा नं, तो दोन शब्द जास्त बोलेल.

तर तुझं. लॅब्रडॉर की पामेरियन हे मले विचारू नको, आधी तुझी दुपार कोणाची आहे ते सांग. तू सकाळी ऑफिसले जाते, अंधारात येते, तुझे हे टूरवर. लॅब्रडॉर दिवसभर दार पाहत पडून राहील, तक्रार करणार नाही, अन् तुले कळणारही नाही की तो झुरून राहिला. ही भुंकेल तर वरच्या मजल्याची बाई सोसायटीत तुझं नाव काढेल. फिरवायचा वेळ, गुडघे, उन्हाळा, केस, आवाज, सगळं पाहायले लागते. पण सगळ्यात आधी हे, की त्याच्यासोबत घरात कोण राहणार आहे. मी शांत जनावर शोधायले निघाली होती, कारण मले वाटलं घरात कोणीतरी झोपलेलं आहे. तुझ्या घरी कोण आहे ते फोनवर मले दिसत नाही.

म्हणून म्हणते, घेण्याआधी एकदा इथे येऊन जा. हिले मांडीवर घेऊन पाहा, केस विंचरून पाहा, डोकं दुखते का पाहा. पद्मनाभपुरालेही जाऊ, साहेब आता कसा आहे ते मलेही पाहायचं आहे. सकाळच्या गाडीनं बस, मी वडाभात करून ठेवते, अक्काकडून लोणचं आणून ठेवते. गेटपाशी आली की विचार करत उभी राहू नको. बेल वाजव. ही ओरडेल, घाबरू नको, तिले फक्त सांगायचं असते. लवकर ये, बाई. अन् दुपारीच ये.